हळदीचं दूध सलग तीन रात्री फाटलं. कुठं चुकतंय?

ताशा_कर्वेनगर:
आधीच सांगतो, मी सांगलीचा आहे. हळदीच्या गावचा पोरगा हळदीचं दूध विचारतोय म्हणून ज्याला हसायचंय त्यानं आत्ताच हसून घ्या.

यंदा पथकात ताशावर होतो. नदीपात्रात दीड महिना सराव, मग विसर्जनाला लक्ष्मी रोडनं अलका चौकापर्यंत. नाक शिंकरलं की काळं निघत होतं. दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तिसऱ्या दिवशी खोकला आला, तो आठ दिवस मुक्कामालाच आहे. कोरडा. दिवसा गप्प असतो, रात्री आडवं झालं की सुरू. रूम पार्टनर उशी घेऊन किचनमध्ये झोपायला गेलाय.

आईला फोन केला. "दुधात हळद, सुंठ, गूळ घाल आणि उकळ की, त्यात काय एवढं." किती घालू? "अंदाजानं." सुंठ नव्हती, म्हणून आलं किसून घेतलं. थंड दूध, आलं, हळद, गूळ सगळं एकदम पातेल्यात आणि पातेलं इंडक्शनवर. गरम होत आलं तसे आधी कडेनं बारीक कण दिसले, मग पाणी एकीकडे आणि पिवळा चोथा एकीकडे. पहिल्या रात्री दूधवाल्याला शिव्या घातल्या. दुसऱ्या रात्री पातेलं घासून घेतलं. तिसऱ्या रात्री डेअरी बदलली. तिन्ही पिशव्या मोरीत.

चौथ्या रात्री आलं-गूळ वगळलं, तर फाटलं नाही. पण कच्च्या हळदीचा उग्र वास आणि तळाला चिखल. त्यातलं अर्धं पथकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर सांडलं. साबण लावला तर डाग लालभडक! हळदीत काही भेसळ आहे का? आईनं घरून दिलीय, तिला विचारायची हिंमत नाही.

तर दूध का फाटतं, हळद किती घालायची आणि यानं खोकला खरंच जातो का?

सदाशिवातल्या_काकू:
प्रश्न वाचून वाईट वाटलं. दुधाचं.

बाळा, दूधवाल्याची माफी माग. कच्च्या आल्यात दूध फाडणारं एन्झाइम असतं, चीज करताना दूध फाडायला रेनेट घालतात ना, तसंच. दूध कोमट-गरम होत असताना त्याला सगळ्यात जोर येतो आणि तू नेमकं तेव्हाच आलं आत ठेवलंस. चीनमध्ये कँटनकडे तर मुद्दाम आल्याच्या रसानं दूध लावतात आणि गोड म्हणून खातात. म्हणजे तू पक्वान्नच करत होतास, फक्त हळद घालून बिघडवलंस.

आलं घालायचंच तर चार चमचे पाण्यात आधी चांगलं उकळ, मग ते पाणी उकळत्या दुधात घाल. उकळलं की एन्झाइम मरतं. गूळ कधीच आचेवर घालायचा नाही. गॅस बंद, दोन मिनिटं थांब, मग कपात गूळ. सुंठीनं सहसा असा घोळ होत नाही, म्हणून आपल्या आया सुंठ सांगतात.

कच्चा वास जायला हळद आधी अर्धा चमचा साजूक तुपात मंद आचेवर परत. रंग गडद झाला की लगेच दूध ओत, करपली तर कडू होते. कपभर दुधाला पाव चमचा हळद पुरे. दोन मिरे ठेचून घाल. आणि गाळून पी, तळाचा चिखल पिण्यात पुरुषार्थ नाही.

एमएस्सी_पार्ट_टू:
आईची हळद चोख असणार. साबण अल्कधर्मी असतो, त्यात हळद लाल होते. कुंकूसुद्धा हळदीलाच खार लावून करतात. डागावर लिंबू पिळ, परत पिवळा होईल. मग कुर्ता कडक उन्हात टाक, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही.

आता कटू भाग. हळदीत करक्युमिन, म्हणजे तिचा पिवळा, कामाचा घटक, साधारण ३ टक्के. पाव चमचा हळद म्हणजे पाऊण ग्रॅम धरू, त्यात करक्युमिन २०-२२ मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फार थोडं जातं. १९९८ मध्ये बंगळुरूला झालेल्या प्रयोगात २ ग्रॅम करक्युमिनबरोबर मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपरिन दिलं, तर रक्तातलं प्रमाण सुमारे वीसपट वाढलं. म्हणून काकूंचे मिरे आणि तूप बरोबर आहेत. पण तिथला डोस बघ आणि तुझा कप बघ. पी हळद अन् हो गोरी असं नसतं. गरम पेयानं घसा शेकतो, गोडानं ढास थोडी दबते, इतकंच पदरात पडतं. ते कमी नाही.

पर्वतीकर:
अहो पार्ट टू, माशेलकर सरांनी अमेरिकेशी भांडून हळदीचं पेटंट रद्द करवलं ते काय उगाच? हळदीत काही असल्याशिवाय का? आणि खोकल्यात दूध प्यायचंच नाही, कफ होतो.

एमएस्सी_पार्ट_टू:
सर, आदर आहेच. पण ते पेटंट जखमेवर हळद लावण्याचं होतं, १९९५ मध्ये दिलेलं. माशेलकर सरांच्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी संशोधन संस्थेनं, आक्षेप घेतला आणि ते १९९७ मध्ये रद्द झालं ते "हे तर भारतात आधीपासून माहीत आहे" या मुद्द्यावर. हळद किती गुणकारी, याचा तो निकाल नव्हता. खोकल्याचा तर विषयच नव्हता. कफाचं म्हणाल तर सर्दी झालेल्या माणसांवर मोजून पाहिलंय, दुधानं शेंबूड वाढत नाही. दूध आणि लाळ मिसळून घशाला जाडसर लागतं, म्हणून तसं वाटतं.

पर्वतीकर:
वाटतं तर वाटतं. मी नाही पीत.

कोथरूड_गच्ची:
झोपेसाठी कोणी जायफळ सुचवायच्या आत लिहितो. मागच्या कोजागरीला सोसायटीच्या मसाला दुधात मी जायफळ किसत होतो. गप्पांच्या नादात स्वतःच्या ग्लासात जवळजवळ अर्धं किसलं. रात्री काही नाही. सकाळी तोंडाला कोरड, छाती धडधडतेय, जिना उतरताना पाय दुसऱ्याचे. दुपारपर्यंत तसंच. बायकोला वाटलं गच्चीवर वेगळंच काही प्यायलो. जायफळ दोनदा किसणीवर फिरवायचं, बास.

सदाशिवातल्या_काकू:
आणि ताशा, खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर दूध बाजूला ठेव आणि थुंकी तपासून घे. क्षयासाठी सरकारी दवाखान्यात फुकट होते. ताप आला किंवा धाप लागली तर तेवढंही थांबू नकोस.

ताशा_कर्वेनगर:
अपडेट. काकूंच्या पद्धतीनं केलं, नाही फाटलं. तुपात हळद पडल्यावर वास असा सुटला की पार्टनर किचनमध्ये झोपलेला उठला आणि अर्धा कप पिऊन परत झोपला. मला पहिल्या रात्री फरक शून्य. दुसऱ्या रात्री ढास आली, पण उठून बसावं लागलं नाही. तरी डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले छाती साफ आहे, घसा धुळीनं आणि ओरडून सोललाय, चार दिवस बोलू नकोस. दुधाबद्दल विचारलं तर म्हणाले पी की. आता यात बरं कशानं वाटलं, दुधानं की गप्प बसण्यानं, देव जाणे.

कुर्ता दोन दिवस उन्हात होता. डाग जवळून बघितला तरच दिसतो.

खोकला परवा थांबला. आईचं पार्सल काल स्वारगेटला आलं, त्यात पाव किलो सुंठ. ती म्हण कोणी इथं लिहू नका, रूमवर सगळ्यांची म्हणून झालीय.