दम्याचं औषध लागू पडतंय का, हे मुलाला रोज फुंकायला लावून बघावं का?

फोंड्याची आई
माझं मत: पावसाळ्यात तरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकेचा जोर मोजणारं छोटं उपकरण, रोज हवाच. मुलगा ८ वर्षांचा, स्टेरॉइडचा पंप दीड वर्ष चालू आहे. सकाळी औषधाआधी उभा राहून तीनदा जोरात फुंकतो, त्यातला मोठा आकडा वहीत जातो. बरा असतानाचा त्याचा सगळ्यात चांगला आकडा २२०. त्याचे ८० टक्के, म्हणजे १७६, ही आमची इशाऱ्याची रेघ.
जुलैत भिंतींना बुरशी धरली आणि आकडा घसरत १७०वर आला. पोरगा मात्र उड्या मारत होता, खोकलासुद्धा नाही. डॉक्टरांनी डोस वाढवण्याआधी त्याला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. 'आता मी मोठा झालो' म्हणून त्याने स्पेसर (पंपाला लावायची पोकळ नळी) सोडून दिला होता! औषध घशातच राहत होतं. वही नसती तर मला हे कधी कळलं असतं?

साखळीचा मास्तर
ताई, तुमचा अनुभव खरा, पण सरसकट सगळ्यांनी हे करावं हे मला पटत नाही. माझ्या मुलीच्या वहीत सलग बारा दिवस २३० होतं. मीटर तेव्हा पेडण्याला आजोळी विसरला होता! मी रागावेन या भीतीने ती आकडे लिहीत होती. तेव्हा ओरडलो तिच्यावर, त्याचं आजही वाईट वाटतं.
शिवाय आकडा फुंकण्याच्या जोरावर असतो. झोपेत असलेलं पोर अर्धवट फुंकणार. मुलांवरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २००६ च्या कॉक्रेन या संशोधक संस्थेच्या आढाव्यात लक्षणांवर आधारलेली योजना मीटरपेक्षा सरस ठरली. तातडीने दवाखाना गाठायची वेळ कमी आली. आता मी महिन्यातून एकदा चारच गोष्टी विचारतो. दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री दम्याने जाग आली का? धाप लागल्यावरचा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला का? खेळ अर्धवट सोडावा लागला का? चारही 'नाही' आले तर औषध काम करतंय.

म्हापशाचा औषधवाला
दोघांनाही विचारतो, धाप लागल्यावरचे तात्पुरते पंप वर्षाला किती लागतात? त्यात बहुधा २०० फवारे असतात. वर्षाला तीन किंवा जास्त संपत असतील तर झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक संपणं तर जिवावरचं. काउंटरवर 'तोच द्या' म्हणणारा बाप दिसला की मला धडकी भरते. रोजचा पंप मात्र तोच माणूस चार महिने नेत नाही.

डिचोलीचा बाबा
आमचा दोन आठवडे एकदम ठीक आहे. स्टेरॉइडने उंची खुंटते म्हणतात, मग बंद का करू नये?

साखळीचा मास्तर
बाबा, नको! ठीक आहे ते औषधामुळेच. साधारण तीन महिने स्थिर राहिल्यावर डॉक्टर डोस कमी करतात, तोही पायरीपायरीने. उंचीत फरक पडलाच तर सुमारे १ सेंटिमीटरचा असतो. दमा बेकाबू राहिला तर मुलाचं नुकसान कितीतरी जास्त.

फोंड्याची आई
मास्तर, वहीतल्या खोट्या आकड्यांचं तुमचं म्हणणं मान्य. आता मी त्याला आकडा विचारत नाही, शेजारी उभी राहून स्वतः बघते, आणि कमी आला तरी एक शब्द बोलत नाही. पण चार प्रश्नांची उत्तरं मूल देतं, आणि माझा मुलगा फुटबॉल सुटू नये म्हणून 'काही होत नाही' म्हणतो. तिथे काय करायचं?

साखळीचा मास्तर
खेळाच्या मास्तरांना विचारा. मुलगा गोलपोस्टजवळ उभा राहायला लागला की त्यांना आधी दिसतं. मीटर चवथीच्या साफसफाईपासून नरकासुराच्या पहाटेपर्यंत ठेवा, धूळ आणि धूर तेव्हाच जास्त. एरवी वही बंद.

फोंड्याची आई
जूनपासून ठेवते. बुरशी चवथीची वाट बघत नाही.