पोट्टीच्या फोनातलं वय आधी खरं करा (आमच्या फॅमिली ग्रुपवरची चर्चा)

ताई यवतमाळ: लांब मेसेज आहे पण सगळ्यांनी पूर्ण वाचा. काकूला अन् काकूच्या पोट्टीला, छकुलीला विचारूनच लिहून रायली. संक्रांतीपासून पोट्टी रात्रीची भाकर खात नाई, काकूला वाटलं पोटात गडबड असन. काल मी तिच्याजवळ बसून तिचा इन्स्टा पाहिला. एकामागून एक सगळे तसलेच रील, कंबर किती इंच पाहिजे, सकाळी उपाशीपोटी जिऱ्याचं पाणी, सात दिवसात चेहरा बारीक, मधातच एखादी रांगोळी अन् परत तेच. तिनं हे कधी शोधलं नव्हतं. एका व्हिडिओवर थांबली, दोनदा पाहिला, तिथून सुरू झालं. लाईक कराची गरजच नाई, कोणत्या व्हिडिओवर माणूस किती वेळ थांबला हे ते मोजते अन् त्याच्यावरून पुढचं दाखवते

बंटीदादा पुणे: मग फोन काढून घ्या ना. नववीतल्या पोरीला इन्स्टा पाहिजेच कशाला

मोठेबाबा: बरोबर बोलला बंटी. आपल्याच पुसद तालुक्यातल्या बान्सीनं 2022 मधी ग्रामसभेत ठराव घेतला होता, 18 वर्षाखालच्या पोट्ट्याईले मोबाईल नाई म्हणून. आपल्या गावात काहून नाई होत

आत्या पुसद: दादा ठराव चांगला होता, पण शाळेचा ग्रुप मोबाईलवर, स्कॉलरशिपचा फॉर्म मोबाईलवर, मग पोट्टे दुसऱ्याच्या फोनात पाहतात. मले ते सांगलीकडचं मोहित्यांचे वडगाव जास्त पटलं, संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही मोबाईल बंद. पोट्ट्याईचाच नाई, मोठ्याईचा पण

ताई यवतमाळ: आत्या एकदम बरोबर, घरात बाप जेवता जेवता रील पाहते अन् पोरीवर वरडते, ते कसं चालन. पण मला सांगाचं होतं ते अजून राहिलंच. छकुलीच्या अकाउंटमधी जन्मसाल 1999 टाकलेलं आहे! कोणी टाकलं ते जाऊ द्या, बहुतेक घरी असंच आहे. आता त्याच्यानं काय होते पाहा. इन्स्टानं 13 ते 17 वाल्यांसाठी वेगळं टीन अकाउंट काढलं, आपल्याकडे फेब्रुवारी 2025 पासून. त्यात अकाउंट आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाला मेसेज करता येत नाई, रात्री 10 ते सकाळी 7 नोटिफिकेशन बंद, दिवसाचा एक तास झाला की बस कर म्हणून आठवण, अन् 16 च्या खालचं असन तर हे ढिलं कराले आईबापाची परवानगी लागते. छकुलीला यातलं एकही मिळालं नाई कारण कंपनीच्या हिशोबानं ती पंचविशी ओलांडलेली बाई आहे

काकू दारव्हा: अन् धाकटा तर माझ्याच फोनवर यूट्यूब पाहते, माझ्याच नावाचं हाय ते

ताई यवतमाळ: मग तिथं तर यूट्यूबले वाटते काकूच पाहून रायली. काकू धाकट्याचं त्याच्या खऱ्या वयाचं वेगळं खातं काढू, गूगलचं फॅमिली लिंक म्हणून आहे त्यात तुमच्या हाताखाली राहते ते. 18 च्या खालच्या खात्यात यूट्यूबवर एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागणं आधीच बंद राहते

मोठेबाबा: आमच्या वेळी असं काही नव्हतं. पोट्टे बिघडले हे खरं

ताई यवतमाळ: मोठेबाबा राग नका मानू पण पोट्टी बिघडली नाई. 2021 मधी फेसबुकमधीच नोकरी केलेल्या फ्रान्सिस हॉगेन बाईनं कंपनीचे आतले कागद बाहेर काढले, त्यात त्यांच्याच पाहणीत होतं की ज्या पोरींना स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं त्यातल्या तीनपैकी जवळपास एकीनं सांगितलं की इन्स्टानं ते अजून वाढलं. कंपनीला माहीत होतं. 14 वर्षाच्या पोरीनं त्याच्याशी एकटीनं लढावं हे आपण कसं म्हणतो

बंटीदादा पुणे: म्हणून तर ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून 16 च्या आतल्यांना अकाउंटच बंद केलं. अन् दंड पोरांना किंवा आईबापाला नाही, कंपनीला, 4 कोटी 95 लाख त्यांचे डॉलर इथपर्यंत

ताई यवतमाळ: हे मला आवडलं दादा, भार कंपनीवर पाहिजे. आपल्याकडे 2023 चा डेटा कायदा आहे, त्यात 18 च्या खालच्यांचा माग काढून जाहिराती दाखवाले मनाई अन् आईबापाची संमती लागते, नियम नोव्हेंबर 2025 मधी आले पण हा भाग लागू व्हाले दीड वर्षाची मुदत आहे. तोपर्यंत छकुली दहावी देऊन मोकळी होते. म्हणून म्हणते वय आजच खरं करा

काकू दारव्हा: तिच्या इन्स्टात आता जे भरलं हाय ते पुसता येते का

ताई यवतमाळ: येते. सेटिंगमधी कंटेंटच्या पसंतीत सुचवलेलं सगळं रीसेट कराचं बटण आहे, ते दाबलं की पहिल्यापासून सुरू. मंग तसलं रील आलं की तीन टिंब दाबून नको म्हणाचं, हे तिनं स्वतः करावं, तुम्ही नुसतं बाजूला बसा. टीन अकाउंट केलं म्हणजे सगळं आटोपलं असंही नाई, तिथंही नको ते येतेच थोडंफार. अन् रात्री चार्जर समोरच्या खोलीत, सगळ्यांचा, काकाचा पण.
आणि काकू, जेवणाचं मात्र फोनवर ढकलू नका. आठवडाभरात खाणं नाई सुधारलं तर डॉक्टरला दाखवा, अन् 14416 वर टेलीमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे तिची मंडळी मराठीत बोलतात, फुकट आहे, रात्रीही लागते. तिलाच बोलू द्या, शेजारी उभं राहून प्रश्न नका विचारू

आत्या पुसद: माझ्या दोन नातवाईचं पण करून दे ना बाई, मले ते जमत नाई

ताई यवतमाळ: रविवारी दारव्ह्याला येतो, तिथूनच पुसद. बंटीदादा, सगळ्या पोरांच्या दाखल्यावरच्या जन्मतारखा तुझ्याजवळ आहेत ना, त्या मला पाठव. ग्रुपवर नको टाकू, माझ्या पर्सनलवर