जुन्या लँडस्केप एचिंगमधली राबणारी माणसं: काही अर्थ असतो की नुसती जागा भरायला?

रेघोट्या: जुनी युरोपियन एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली चित्रं) बघतोय सध्या. झाडं, ढग, लांबवर गाव आणि कुठेतरी कोपऱ्यात एक नांगऱ्या नाहीतर मोळी घेतलेली बाई असतेच. कष्ट म्हणजे पुण्य, पीक म्हणजे देवाची कृपा असं काही ठरलेलं असायचं का?

तांबडी_प्लेट: ठरलेलं असं कमीच, पण लोक शोधतात खूप. डच चित्रकार रेम्ब्रांटचं १६४३ चं ‘तीन झाडं’ घ्या, तीन झाडं म्हणजे येशू आणि त्याच्या बाजूच्या दोन चोरांचे तीन क्रूस असं कितीतरी जणांनी म्हटलंय, मला ते ओढूनताणून वाटतं, कारण त्याच चित्रात गळ टाकून बसलेला माणूस आहे, झुडपात लपलेलं जोडपं आहे, टेकाडावर माणसांनी भरलेली गाडी चाललीये आणि शेजारी एकजण आरामात चित्र काढतोय! आणि त्याचं १६४१ चं ‘पवनचक्की’. वारा म्हणजे देवाचा श्वास वगैरे वाचलं की हसू येतं, ती चक्की चामडं मऊ करायची होती, त्यासाठी लागणाऱ्या तेलाच्या वासामुळे लोक तिला नावं ठेवायचे.

मेणकापड: वास आला म्हणून प्रतीक होत नाही असं थोडीच आहे? पण मी फ्रेंच चित्रकार मिलेकडे बघायला सांगेन. त्याच्या सरवा वेचणाऱ्या बायका, १८५५-५६ चं एचिंग. कापणी झाल्यावर सांडलेली कणसं वेचायची मुभा गरिबांना असायची, म्हणजे मागे गंजी रचलेल्या दिसतात आणि पुढे या तिघी वाकलेल्या. पीक भरपूर आलंय, फक्त यांचं नाहीये. यात पुण्यबिण्य कुठे आलं?

रेघोट्या: अरे हो, गंजींकडे लक्षच गेलं नव्हतं. मग इंग्लिश चित्रकार सॅम्युअल पामरचं काय? तिथे तर नांगऱ्यासुद्धा प्रार्थनेला निघाल्यासारखा दिसतो.

तांबडी_प्लेट: पामरचं पुण्यवालं वाचन मात्र मान्य. तो इंग्लंडच्या केंटमधल्या शोरहॅम गावात राहत होता तेव्हाच, १८३० मध्ये, केंटमधले शेतमजूर मळणीयंत्रं फोडत होते, गंजी पेटवत होते. एचिंग त्याने १८५० च्या सुमाराला हातात घेतलं आणि त्यात मेंढपाळ, बैल, संध्याकाळ सगळं शांत. ते खेडं त्याला हवं होतं तसं आहे, होतं तसं नाही.

मेणकापड: तरी त्याच्या काळ्या रेघा बघा एकदा, चित्र मोठं करून. रागावता येत नाही त्याच्यावर.