सुटका झाल्यावर ती माणसं गेली कुठे?

नववीची_शिक्षिका, मांजलपूर:
नमस्कार. बडोद्यात नववीला इतिहास शिकवते. नात्सीवादाचा धडा परवा संपला. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य ऑशविट्झमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून मारायच्या नात्सी छावणीत, शिरलं, सुमारे ७,००० माणसं जिवंत सापडली, इथवर वर्ग शांत होता. मग एका मुलीने विचारलं, "टीचर, मग ती आपापल्या घरी गेली ना?" तिचे आजोबा सिंधमधून आलेले, वारसियात राहतात. तिने सहज नाही विचारलेलं. पाठ्यपुस्तक तिथेच थांबतं. काय सांगू?

निवृत्त_ग्रंथपाल, दांडिया बाजार:
ताई, बहुतेकांना घर उरलंच नव्हतं, आणि हे तिला सांगायलाच हवं. बेर्गेन-बेल्सेन ही जर्मनीतली दुसरी नात्सी छावणी ब्रिटिशांनी १५ एप्रिल १९४५ ला ताब्यात घेतलं, त्यानंतरही तिथे १३,००० हून जास्त माणसं दगावली. टायफस होता, उपासमारीने शरीरं संपली होती, काहींना तर सैन्याने दिलेलं जड अन्नच पचलं नाही. जी पोलंडला परतली त्यांच्या घरात दुसरेच राहत होते. ४ जुलै १९४६ ला किएल्त्से शहरात जमावाने ४२ ज्यूंना मारलं. युद्ध संपून वर्ष उलटलं होतं हो! मग हजारो लोक पुन्हा जर्मनीतल्याच निर्वासित छावण्यांत आले. शेवटची छावणी, फ्योरेनवाल्ड, १९५७ मध्ये बंद झाली.

राजमहाल_रोड:
किएल्त्से चौदा वर्षांच्या मुलांना? मला जड वाटतं.

निवृत्त_ग्रंथपाल, दांडिया बाजार:
जड आहेच. पण "सुटले आणि सुखी झाले" असं सांगितलं तर तिच्या आजोबांचंही खोटं ठरतं. त्याच छावण्यांत लग्नं लागली, पाळणे हलले, जन्मदर जगातल्या सर्वाधिकांपैकी होता. हेही सांगा. आणि ती माणसं गप्प बसली होती हा समज मला फार खटकतो. १९४६ मध्ये डेव्हिड बोडर नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेहून तारेवर आवाज टिपणारं यंत्र घेऊन युरोपात गेले आणि शंभराहून जास्त लोकांच्या मुलाखती घेतल्या. लोक बोलले, गाणीसुद्धा म्हणाले. जगाने कान दिला तो बऱ्याच उशिरा, १९६१ मध्ये, जेरुसलेममध्ये आइखमन या नात्सी अधिकाऱ्यावरच्या खटल्यात एकेक साक्षीदार उभा राहिला तेव्हा.

नववीची_शिक्षिका, मांजलपूर:
काका, हे सगळं सांगते. छावण्यांतली लग्नं मलाही माहीत नव्हती. तिला आजोबांशी बोलायचंय, पण घरात तो विषय निघाला की ते उठून गॅलरीत जातात.

वारसिया_रिंगरोड:
आमच्याकडेही तसंच होतं, टीचर. फाळणीचं थेट विचारू नका म्हणावं. गावात शाळा कुठे होती, दुकान कोणाचं होतं, शेजारी कोण राहायचं, हे विचारायचं. माझे नाना तिथूनच सुरू झाले. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी त्यांना विचारावं. नको म्हणाले तर नुसतं ऐकावं. आणि हे वर्गाचं प्रोजेक्ट मात्र करू नका, प्लीज.