रकूनला मराठीत काय म्हणायचं? (आणि बॅकयार्डला, आणि फीडरला)

डेकवरचा:
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो, घरामागे डेक (लाकडी ओटा) आहे, डेकच्या पुढे खांबावर बर्ड फीडर, म्हणजे पाखरांना दाणे ठेवायचं भांडं, टांगलाय आणि गेले तीन महिने आई चिपळूणकडून इकडे आलीये. दिवसा तिचं मस्त चाललेलं असतं. कार्डिनल पक्ष्याला ती 'लाल्या' म्हणते, ब्लू जे पक्षी म्हणजे 'निळा भांडकुदळ'. इथल्या करड्या खारी फीडरला उलट्या लटकून दाणे खातात, त्या बघून पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्यांच्या पाठीवर रामाची बोटं कुठायत रे?" मग दोन दिवसांनी चिपमंक दिसला तेव्हा खूश, "ही बघ, ही आपली." म्हटलं आई हिला पट्टे पाच आहेत, तर म्हणे अमेरिकेत सगळं जास्तच वाढतात.

खरा प्रश्न रात्रीचा आहे. मंगळवारी अकराच्या सुमाराला डेकवर धाडधाड आवाज झाला, लाईट लावला तर रकून, तो डोळ्यांवर काळा मुखवटा असलेला इथला रानटी प्राणी. फीडर खाली पाडलेला, आणि हा बाबा पाखरांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या परळाशी बसून दोन्ही हात पाण्यात घालून काहीतरी शोधतोय. नजर मात्र आमच्याकडे! हात खाली आपलं काम करतायत, डोळे काचेतून आमच्यावर. लाईट गेल्यावर आपण काडेपेटी कशी शोधतो, मान वर आणि हात फळीवर, अगदी तसं. आईने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "कांडेचोर नाही हा. चाचप्या आहे." तेव्हापासून घरात चाचप्या हेच नाव पडलंय, मुलंसुद्धा तेच म्हणतात.

पण मला मुलांच्या मराठी शाळेसाठी एक पान लिहायचंय, 'आमच्या बॅकयार्डातले पाहुणे' असं. त्यात चाचप्या कसं लिहिणार? रॅकून, रकून, रॅकुन असं तीन प्रकारे लिहिलेलं सापडलं. खरा शब्द काय आहे? बॅकयार्डला परस लिहू का? आणि फीडरला काय?

शुद्धलेखनकाका:
रकून. संपलं. जो प्राणी आपल्या मुलखात नाही त्याला आपल्या भाषेत नाव नसणार, त्यात लाज कसली. ऱ्हस्व दीर्घाचं म्हणाल तर मराठीत शेवटून दुसरं अक्षर अकारान्त शब्दात दीर्घ, म्हणून कू दीर्घ. रॅ की र हे आपापल्या कानावर.

परसाबद्दल मात्र जपून. 'रात्री परसात रकून आला' ठीक, पण 'रात्री रकून बघायला परसाकडे गेलो' लिहिलंत तर आमच्या पिढीची माणसं तुम्ही लोटा घेऊन गेलात असं समजतील.

मागीलदार:
हाहा, काका! आमच्याकडे रत्नागिरीत मागीलदार. 'मागीलदारी कोण आलंय बघ' असंच म्हणतात, तुमच्या आईपण म्हणत असणार, विचारून बघा.

आणि आईंनी 'कांडेचोर नाही' म्हटलं ते एकदम बरोबर. कांडेचोर म्हणजे उदमांजर, गोव्यात त्यालाच कातांदोर म्हणतात. इंग्रजीत त्याला टॉडी कॅट म्हणतात, का ते सांगायला नको, माडावर चढून ताडीमाडीच्या मडक्यात तोंड घालतो. आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक जोडी होती, रात्री ती फिरली की भात शिजत असल्यासारखा वास यायचा. आजी म्हणायची आंबेमोहर आला. दिसणं लांबून थोडं रकूनसारखं, तोंडावर काळं, निशाचर, चोरटं. पण हाताने चाचपणं वगैरे काही नाही, सगळं तोंडाने.

वाशबेअर:
मी जर्मनीत, कासेलजवळ. इथे रकूनला वाशबेअर म्हणतात, म्हणजे धुणारं अस्वल. इटालियनमध्येही धुणारं छोटं अस्वल, जपानीतही धुणारं अस्वल, फ्रेंचांनी अस्वलाचा उंदीर केला पण धुणं सोडलं नाही. गंमत म्हणजे हा प्राणी इथला नाहीच, १९३४ साली एडरझे तलावाजवळ दोन जोड्या मुद्दाम सोडल्या आणि आता आमच्या गावात पोटमाळ्यावर, गॅरेजमध्ये, चेरीच्या झाडावर सगळीकडे तेच. म्हणजे आपल्या मुलखात नसला तरी नाव देता येतं, काका. :) मराठीत 'धोबी अस्वल' का नको?

खंड्या_नव्हे_किंगफिशर:
धोबी आधीच बुक आहे! पाण्याकाठी शेपटी आपटत फिरतो तो पक्षी आपला धोबी. शिंपी, सुतार, तांबट, कोतवाल, सगळी बलुती पक्ष्यांना वाटून झालीत, रकूनला काही शिल्लक नाही.

आणि मुळात तो धूत नाही हो. पिंजऱ्यातले रकून खाणं पाण्यात बुडवताना दिसले आणि लोकांना वाटलं काय हा स्वच्छतेचा भोक्ता. जंगलात तो ओढ्याकाठी पाण्यात हात घालून खेकडे, बेडूक, शिंपले शोधतो, तीच सवय पिंजऱ्यात वर येते. त्याच्या पुढच्या पंजांना स्पर्श फार बारीक कळतो, आणि पंजा ओला झाला की अजून जास्त. म्हणून नजर भलतीकडे असते. डेकवरचा यांनी जे बघितलं ना, हात पाण्यात आणि डोळे काचेवर, ते अगदी नेमकं आहे. तो हातांनी बघतो.

प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने पण तीच चूक केली, १७५८ मध्ये त्याला अस्वलांत घालून लोटोर म्हणजे धुणारा असं नाव दिलं. अस्वलांतून काढलं पण लोटोर चिकटलं ते चिकटलंच.

व्याधाच्या_मागे:
मला पक्षी प्राणी काही कळत नाहीत, मी आकाशवाला. पण रकूनचं शास्त्रीय नाव बघितलं आणि उडालो. प्रोसिऑन लोटोर! प्रोसिऑन म्हणजे ग्रीकमध्ये 'कुत्र्याच्या आधी', कारण या नावाचा तारा व्याधाच्या म्हणजे त्यांच्या श्वान ताऱ्याच्या आधी उगवतो. आणि मराठीत आपण त्या ताऱ्याला काय म्हणतो? प्रश्वा! प्र आणि श्वा, तोच अर्थ. म्हणजे मराठीत रकूनच्या अर्ध्या नावाला शब्द आधीपासून तयार आहे, फक्त तो हिवाळ्यात पूर्वेला उगवतो. पानात 'प्रश्वा' लिहा, मुलांना तारापण दाखवता येईल.

खंड्या_नव्हे_किंगफिशर:
भारीच. आणि कुळाच्या दृष्टीनेही चालेल कारण रकून, कुत्री, अस्वलं एका बाजूला येतात आणि उदमांजर मांजरांच्या बाजूला. त्यामुळे कोणी 'मुखवट्या मांजर' वगैरे सुचवणार असेल तर आधीच नाही म्हणून ठेवतो.

शुद्धलेखनकाका:
प्रश्वा शब्द सुंदर आहे हे मान्य. पण डेकवर धाडकन आवाज झाला तर "अगं प्रश्वा आला" असं कोणी ओरडेल का? शब्द तोंडात बसला पाहिजे. आकाशातला आकाशात राहू द्या.

टोरांटोकर:
आमच्याकडे सगळे ट्रॅश पांडा म्हणतात, मी घरात 'उकिरड्यावरचा पांडा' म्हणतो. २०१६ मध्ये इथे ओल्या कचऱ्याचे नवीन हिरवे डबे आले, खास रकूनला उघडू नयेत असं फिरवायचं कुलूप असलेले. आणि काय, काहींनी तेही उघडले. डबा आधी आडवा पाडायचा म्हणजे कुलूप फिरवायला सोपं जातं, हे त्यांना कोणी शिकवलं देव जाणे.

एक महत्त्वाचं. कृपया मुलांना नुसतं 'कून' असं तोडून बोलायला शिकवू नका. काळ्या लोकांसाठी ती फार वाईट शिवी आहे, आपल्याला अंदाज नसतो आणि पोरं शाळेत बोलून बसतात.

अजून एक, रकून एकाच जागी विष्ठा करतात, डेकच्या कोपऱ्यात ढीग दिसला तर झाडूने सुका झाडू नका. त्यात गोलकृमीची अंडी असतात, माणसाला, त्यातून लहान मुलांना, फार गंभीर आजार होऊ शकतो. आधी ओलं करा, हातमोजे घाला, मग काढा आणि जागेवर उकळतं पाणी ओता.

बोलीभाषा_वेडी:
मला इथे सगळ्यांनी एक गोष्ट सोडून दिलीये असं वाटतंय म्हणून मुद्दाम लिहितेय. रकून हा शब्द इंग्रजीचा आहेच कुठे? व्हर्जिनियात पोहोचलेल्या इंग्रजांनी तिथल्या पोहॅटन लोकांच्या तोंडून तो उचलला, त्यांच्यातल्याच जॉन स्मिथच्या १६०८ च्या लिखाणात तो काहीतरी वेड्यावाकड्या स्पेलिंगने येतो, पुढे झिजून झिजून रकून झाला. ओपॉसमपण तिथलाच, म्हणजे पांढरं जनावर. स्कंक, चिपमंक, मूस हे सगळे त्याच भाषाकुळातले. म्हणजे इंग्रज नवीन मुलखात गेले, परसात नवीन जनावरं दिसली आणि त्यांनी शेजाऱ्याला विचारलं हे काय. जे आपण आज करतोय तेच. तेव्हा काका म्हणतात तसं रकून बिनधास्त लिहा.

पण आता खरी मजा. त्या मूळ पोहॅटन शब्दाचा अर्थ काय सांगतात माहितीये? जो हातांनी घासतो, खरवडतो, चोळतो तो. आणि मेक्सिकोत नाहुआतल भाषेत त्याला मापाच्त्ली म्हणायचे, त्यावरून स्पॅनिश मापाचे, अर्थ जो सगळं हातात घेतो तो. धुण्याची भानगड युरोपातल्यांनी पिंजऱ्यात बघून केली. ज्यांच्या अंगणात तो पिढ्यान् पिढ्या येत होता त्यांना त्याचे हात दिसले. आणि चिपळूणच्या एका बाईंना, कुठलंही पुस्तक न उघडता, पाच मिनिटांत तेच दिसलं. चाचप्या!

डेकवरचा, तुम्ही विचारताय खरा शब्द काय. अहो खरा शब्द तुमच्या घरात आहे आणि तुम्ही तो लपवताय. हळद्या, खंड्या यांच्या शेजारी चाचप्या किती सहज बसतो बघा. कर्त्याचा -या लागलाय, क्रियापद रोजचं आहे, विभक्ती प्रत्यय लावताना अडत नाही. चाचप्याने फीडर पाडला, चाचप्याला हाकल. हे प्रश्वाचं करून दाखवा.

व्याधाच्या_मागे:
प्रश्वाने फीडर पाडला. …बरं, मान्य.

शुद्धलेखनकाका:
पहिल्यांदा येईल तिथे 'रकून' आणि पुढे सगळीकडे 'चाचप्या' असं करा. माझी हरकत नाही. (हे मी लिहितोय यावर माझाच विश्वास बसत नाहीये.)

सोलापुरी:
फीडरचं कुणी बोललंच नाही. फुलदाणी, गुलाबदाणी तशी 'दाणेदाणी' करा. मग चाचप्या आला की दाणेदाणीची दाणादाण.

आणि एक सांगतो, मी टेक्सासला असताना पाखरांच्या दाण्याच्या दुकानात गेलो, एका पिशवीवर सॅफ्लॉवर लिहिलेलं, उघडून बघतो तर करडई! आमच्या रानातली करडई, पांढरेशुभ्र दाणे. दुकानदार म्हणे कार्डिनलला फार आवडते आणि खारी सहसा तोंड लावत नाहीत. सूर्यफुलाच्या काळ्या बियांवर तुटून पडणाऱ्या खारी करडई बघून खरंच निघून जातात, मी बघितलंय. चाचप्याला मात्र काहीही चालतं. मिरचीची पूड लावलेले दाणेपण मिळतात, पाखरांना मिरची झोंबतच नाही, खारींना न् रकूनला झोंबते. आईंना सांगा, त्यांना आवडेल हे.

मागीलदार:
त्यापेक्षा खांबाला पत्रा मारा. इथे त्याला बॅफल म्हणतात, दुकानात मिळतो, पण वस्तू आपलीच आहे. उंदीर चढू नये म्हणून माडाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळतात की नाही, तेच. फक्त तो जमिनीपासून चारेक फुटांवर हवा आणि रकूनसाठी खारीपेक्षा लांबलचक घ्या, नाहीतर त्याचा हात वरून पोचतो. जवळ डेकचा कठडा किंवा फांदी असेल तर पत्र्याचा काही उपयोग नाही, तिथून झेप घेणार. आणि रात्री फीडर आत घ्या सरळ, तुमच्याकडे अस्वलंपण फिरतात.

विदर्भकन्या:
बॅकयार्डला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात, सासरी कोल्हापूरकडे परडं. परड्यात चाचप्या आला. छान वाटतंय ऐकायला.

डेकवरचा:
सगळ्यांचे आभार. हे सगळं आईला वाचून दाखवलं. पोहॅटनचं ऐकून म्हणाली, "मग? दिसत होतं ते म्हटलं." मागीलदारबद्दल विचारलं तर म्हणाली पानावर तेच लिही, परस म्हणजे संडास. (काका जिंकले.) 'दाणेदाणी' ऐकून हसली पण ती स्वतः फीडरच म्हणते.

करडईची पिशवी आणली. आईने मूठभर हातात घेतली, एक दाणा दाताखाली फोडून बघितला आणि म्हणाली चांगली आहे, तेल निघेल. पत्रा शनिवारी बसवला, रविवारी रात्री चाचप्याने खांबाला मिठी मारून दोनदा प्रयत्न केला, पत्र्याच्या कडेवरून हात फिरवून फिरवून बघितलं, आणि खाली सांडलेले दाणे वेचत बसला. अजिबात खाली न बघता.

आता नवीन प्रश्न. काल रात्रीपासून डेकखाली भयंकर वास येतोय. शेजारी म्हणतो स्कंक आहे. मराठीत काय म्हणू?

टोरांटोकर:
पादऱ्या. :)

खंड्या_नव्हे_किंगफिशर:
पादत नाही तो, शेपटीखालच्या ग्रंथींतून पिचकारी मारतो.

व्याधाच्या_मागे:
मग पिचकाऱ्या.

मागीलदार:
अहो आधी खिडक्या लावा.