वर्णभेद: माणसाचं मन बदलायचं की त्याच्या हातातला फॉर्म?

सांजवेळ

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की कायदा किंवा प्रबोधन, एवढे दोनच उपाय पुढे येतात. वर्तनशास्त्राने, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात याच्या अभ्यासाने, तिसरी वाट दाखवली आहे: मन नाही, कामाची पद्धत बदला. ती आपण गंभीरपणे घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचे पोलीस कृष्णवर्णीयांनाच जास्त अडवतात, ही जुनी तक्रार. स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर एबरहार्ट यांच्या गटाने तिथे पोलिसांबरोबर काम केलं. कोणाला अडवलं की पोलिसाला एक फॉर्म भरावा लागतो. त्यात एक प्रश्न वाढवला: या माणसाला एखाद्या गुन्ह्याशी जोडणारी माहिती अडवण्याआधी तुमच्याकडे होती का? हो की नाही, एवढंच. २०१७ मध्ये सुमारे ३२ हजार वेळा अडवणूक झाली होती, २०१८ मध्ये ती १९ हजारांवर आली. कृष्णवर्णीयांची अडवणूक ४३ टक्क्यांनी घटली.

पूर्वग्रह जोर करतो तो घाईत, माहिती अपुरी असताना. 'नाही'वर खूण करावी लागणार हे ठाऊक असलेला पोलीस जरा थांबतो. याउलट, २०१८ मध्ये फिलाडेल्फियात स्टारबक्सच्या कॉफीच्या दुकानात टेबलाशी वाट बघत बसलेल्या दोन कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाल्यावर कंपनीने सुमारे आठ हजार दुकानं एक दुपार बंद ठेवून कर्मचाऱ्यांना वर्णभेदी पूर्वग्रह ओळखण्याचं ट्रेनिंग दिलं. अशा ट्रेनिंगवर माझा भरवसा नाही. सुप्त, म्हणजे नकळत मनात असलेल्या, पूर्वग्रहांवरच्या ४९२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये आला. असे पूर्वग्रह मोजणाऱ्या चाचणीतले गुण थोडेफार हलवता येतात, पण त्यामुळे वागणं बदलतं असं त्यात दिसलं नाही.

कोरडवाहू

असहमत. तुमचेच आकडे नीट बघा. ३२ हजारांवरून १९ हजार म्हणजे एकूण अडवणूक ४० टक्क्यांनी घटली. कृष्णवर्णीयांची ४३. म्हणजे अडवलेल्यांत त्यांचा वाटा जवळपास होता तिथेच राहिला! विषमता कुठे कमी झाली?

दुसरं असं की, पोलिसी अत्याचारांच्या खटल्यातल्या तडजोडीमुळे ओकलंडचं पोलीस खातं २००३ पासून न्यायालयाच्या देखरेखीखाली होतं. अडवणुकीची नोंद ठेवणंही त्या तडजोडीत आलं. लोक वर्षानुवर्षं कोर्टात लढले म्हणून प्रश्न वाढवायला फॉर्म तरी हाती होता. श्रेय सगळं वर्तनशास्त्राला देऊ नका.

सांजवेळ

वाट्याचा हिशोब बरोबर आहे आणि तरीही मी माझ्या जागी ठाम आहे. विषमतेचं गुणोत्तर आणि माणसांना होणारा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हजारो माणसं त्या वर्षी रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिली नाहीत. गुणोत्तर हललं नाही म्हणून हे मोजायचंच नाही?

पलीकडचा_किनारा

मी अमेरिकेत डायलिसिस युनिटमध्ये नर्स आहे. दवाखान्यातलं सांगते.

मूत्रपिंड किती काम करतं हे रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून सूत्राने काढतात. आकडा जितका मोठा, तितकं मूत्रपिंड चांगलं. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर येणाऱ्या आकड्याला १.१५९ ने गुणायचे. प्रत्यारोपणाच्या यादीत वेळ मोजायला सुरुवात होते तो आकडा २० किंवा खाली आल्यावर. आता सगळं सारखं असलेले दोन रुग्ण घ्या. गोऱ्याचा आकडा १९, त्याचं घड्याळ सुरू. कृष्णवर्णीयाचा २२, त्याने थांबायचं. हे करायला कोणत्याही डॉक्टरच्या मनात द्वेष असावा लागत नव्हता, कॉम्प्युटर गुणाकार करत होता. २०२१ मध्ये तज्ज्ञ समितीने तो गुणक काढायला सांगितला आणि २०२३ पासून अडकलेल्या रुग्णांची प्रतीक्षेची तारीख मागे नेऊन द्यायला सुरुवात झाली. हजारोंना हातातून गेलेली वर्षं यादीत परत मिळाली.

मनातल्या समजुतीही असतात, त्या नाकारत नाही. २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात २२२ गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टर होते. 'कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते' असल्या समजुतींपैकी निदान एक तरी जवळपास निम्म्यांना खरी वाटत होती, आणि अशांनी कृष्णवर्णीयांच्या वेदना कमी लेखल्या. पण माझ्या मते आधी सूत्र, फॉर्म, चेकलिस्ट तपासा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायच्या उपचारांची चेकलिस्ट कॉम्प्युटरवर सक्तीची केली, तेव्हा त्या उपचारातली गोरे-काळे तफावत मिटली होती.

विदर्भी_कापूस

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. अमेरिकेत २००४ साली छापून आलेल्या प्रयोगात बॉस्टन आणि शिकागोत सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फक्त नावं गोऱ्यांची किंवा कृष्णवर्णीयांची वाटतील अशी. गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. त्याच पद्धतीने सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातल्या खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले आणि २००७ मध्ये निष्कर्ष छापले. शिक्षण तेच, पण दलित आडनाव असेल तर बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण आडनावाहून बरीच कमी. मुस्लिम नावाला त्याहूनही कमी.

मग अर्जातलं नाव झाका ना! खर्च शून्य.

कोरडवाहू

फ्रान्सने हेच करून बघितलं, २००९-१० मध्ये, काही कंपन्यांत. नाव झाकल्यावर स्थलांतरितांच्या घरातल्या उमेदवारांची संधी उलट घटली. ज्या कंपन्या स्वतःहून पुढे आल्या त्या मुळातच या उमेदवारांना सांभाळून घेत होत्या. अर्जात मध्येच रिकामी वर्षं दिसली तर परिस्थिती समजून घेत होत्या. नाव गेलं आणि ती समजही गेली. शून्य खर्चाच्या उपायाची किंमत कोणी मोजली, बघा.

नर्सताईंचं उदाहरण मला पटतं, कारण तिथे चुकीचा नियमच उखडला. पण रुग्णाचं मूत्रपिंड निकामी का झालं? रक्तदाब, मधुमेह, विमा नसणं, आणि १९३० च्या दशकापासून 'इथे कर्ज देणं धोक्याचं' म्हणून नकाशावर लाल रंगवलेल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं जगणं. तिथे पैसा आणि कायदाच लागतो.

पलीकडचा_किनारा

लागतोच. पण माझ्या युनिटमध्ये आज खुर्चीवर बसलेल्या माणसाला वस्ती सुधारेपर्यंत थांबता येत नाही. त्याची तारीख मागे नेण्यासाठी एक अर्ज लागला. तो भरणारं कोणीतरी लागलं, आणि तो भरायलाच हवा असा नियमही.