मदत हवी आहे: साते बाबी बाहेरून करपतं, आतून कच्चं राहतं

इंडोनेशियातल्या चिनी घरांत करतात तसं साते बाबी, म्हणजे काडीवरचं डुकराचं मांस, कोळशावर भाजतोय. खांद्याचं मांस ५०० ग्रॅम, थोडी चरबी ठेवून २ सेंमीचे तुकडे. मसाला: ३ मोठे चमचे केचाप मानिस (गूळ घातलेला दाट, गोड इंडोनेशियन सोया सॉस), १ मोठा चमचा साधा सोया सॉस, १ चमचा भाजलेली धनेपूड, पाव चमचा चिनी पंचमसाला, ४ पाकळ्या लसूण. फ्रिजमध्ये ४ तास. बांबूच्या काड्या भिजवलेल्या.

केचाप मानिसमधला गूळ आधी जळतो. निखारे पसरून आच उतरवली, तर रंग येत नाही आणि मांस वातड होतं. तुकडे लहान केले तर सुकतात. ओव्हन नाही, आधी उकडायचं नाही (चव पाण्यात जाते).

केचाप मानिस मुरवणातून पूर्ण काढून फक्त शेवटी ब्रशने लावलं तर चालेल का? मग मुरवताना सोया सॉस किती घ्यावा?